बॅकयार्डमधल्या बॉबकॅटला हाकलायचं कसं?

नमस्कार मंडळी,
हल्ली आमच्या मागच्या कुंपणावर भरदुपारी एक बॉबकॅट (इथलं रानमांजर) येऊन बसतो. शेपूट आखूड, कानांमागे पांढरे ठिपके, म्हणजे माउंटन लायनचं पिल्लू नक्कीच नाही. सासूबाईंनी अंगणात जाणंच सोडलंय. त्याला पकडून लांब डोंगरात सोडणारं कोणी माहीत आहे का?
मीनल, थाउजंड ओक्स, कॅलिफोर्निया

मीनल,
पकडायच्या भानगडीत पडू नकोस. परवानगीशिवाय तसं करता येत नाही, आणि करून फायदाही नाही. तुमचं अंगण त्याच्या हद्दीचा एक कोपरा आहे. तो गेला तर दुसरा येईल.

आपल्या सांता मोनिका डोंगरांत नॅशनल पार्क सर्व्हिस 1996 पासून बॉबकॅटना रेडिओ कॉलर लावून माग काढतेय. इथे ससे, खारी, गोफर भरपूर, म्हणून मादीचं दोनेक चौरस किलोमीटरमध्ये भागतं. तिकडे न्यूयॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत बर्फ फार आणि शिकार विरळ, तिथे नराची हद्द 100 चौरस किलोमीटरच्या वर जाते. नर माद्यांच्या हद्दींवरून बिनधास्त फिरतो, माद्या मात्र एकमेकींना सहसा थारा देत नाहीत. वस्तीत शिरायला मादी जास्त बिचकते, त्यामुळे तुमचा पाहुणा बहुधा नर असावा. (हा माझा अंदाज हं!)

खरी गंमत 101 फ्रीवेची आहे. काही बॉबकॅट तो ओलांडतात, पण पलीकडे त्यांची पिल्लावळ फारशी होत नाही, असं 2006 च्या अभ्यासात दिसलं. कारण फ्रीवेच्या कडेला हद्दींची दाटी. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठीही कोणी सरकत नाही, तशातली गत. लिबर्टी कॅन्यनला 101 वरून जनावरांना जाण्यासाठीच्या पुलाचं काम 2022 मध्ये सुरू झालं, ते मुख्यतः माउंटन लायनसाठी, पण बॉबकॅटसाठीही.
श्रीकांत, अगोरा हिल्स

श्रीकांतदादा, हे सगळं ठीक, पण आमची मनी रात्री बाहेर असते तिचं काय?
सुलभा

सुलभाताई, मनीला रात्री घरातच ठेवा. कोयोटी आहेतच, बॉबकॅटही मांजर उचलू शकतो. आणि एक कळकळीची विनंती, उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर बॉबकॅट खातो. 2002 पासून इथे खरजेने खूप बॉबकॅट मेले, आणि त्यांच्या अंगात हेच रक्त पातळ करणारं विष सापडलं. कॅलिफोर्नियाने 2021 पासून त्यातल्या जहाल प्रकारांवर बरीच बंधनं आणली आहेत, तरी सगळी विषं काही गेलेली नाहीत.
श्रीकांत

दादा, आमच्या एचओएने (घरमालकांच्या सोसायटीने) क्लबहाउसमागे उंदरांसाठी काळे डबे ठेवलेत. त्यात नेमकं काय घालतात ते गुरुवारच्या मीटिंगमध्ये विचारते. तुम्ही याल का बरोबर? माझ्या एकटीचं कोणी ऐकायचं नाही.
मीनल