दमसास मोजायचा की नुसते चालायचे?

कांपालकर (धागा)

पन्नाशी ओलांडली की गोव्यातला माणूस वर्षातून एकदा साखर तपासतो, प्रेशर बघतो, कोलेस्टेरॉलचा कागद फाईलला लावतो. दमसास मात्र कोणी मोजत नाही. माझे म्हणणे, मोजलाच पाहिजे. आणि पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर गप्पा मारत घातलेली फेरी त्यासाठी पुरत नाही. आठवड्यातून एकदा तरी तोंडून अख्खे वाक्य फुटू नये इतकी धाप लागली पाहिजे.

दमसास म्हणजे इथे व्हीओटू मॅक्स. पूर्ण जोर लावला असता शरीर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिलिटर प्राणवायू वापरते तो आकडा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण ३.५ वापरतो, त्याला एक मेट म्हणतात. २००९ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा एका मेटने जास्त क्षमता असलेल्यांत मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी कमी दिसला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयातल्या १,२२,००७ जणांच्या ट्रेडमिल चाचण्या तपासल्या गेल्या. सर्वांत दमदार गटाचा धोका सर्वांत कच्च्या गटाच्या पाचव्या हिश्शाएवढा निघाला, आणि ‘इथून पुढे फायदा थांबतो’ अशी रेघ कुठे सापडली नाही.

मला मात्र त्याहून जास्त पटतो तो साधा हिशेब. पन्नाशीत एकाचा आकडा २८, दुसऱ्याचा ४०. दर दहा वर्षांत सुमारे १० टक्के घट धरा, सत्तरीनंतर ती दुप्पट. ऐंशीला पहिला १८ वर येतो, दुसरा २६ वर. १५ ते १८ च्या खाली गेले की बाजाराची पिशवी घेऊन जिना चढणे हेच पूर्ण ताकदीचे काम होऊन बसते. पहिला कठड्यावर उभा आहे, दुसऱ्याकडे अजून शिल्लक आहे. शिल्लक पन्नाशीतच जमवावी लागते.

अंत्रुजकर

कांपालकर बाब, हिशेब छान मांडलात, पण त्यात एक गृहीत लपवले आहे: ज्याचा आकडा मोठा तो जास्त जगतो, म्हणून आकडा वाढवला की आयुष्य वाढते. या दोन गोष्टी एक नव्हेत.

क्लीव्हलँडचे लोक कोण होते? डॉक्टरांनी ट्रेडमिलवर पाठवलेले. तुमचा ‘पाचवा हिस्सा’ येतो तो वरच्या जेमतेम अडीच टक्क्यांची तुलना तळाच्या २५ टक्क्यांशी केल्यावर. तळाच्या त्या लोकांत कितीतरी जण आधीच आजारी असणार. दम कमी म्हणून आजार, की आजार म्हणून दम कमी?

ही शंका जुनीच आहे. १९५३ साली ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक तपासले. दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, बसून असलेल्या चालकांना जास्त. सगळे हेच सांगतात. पण १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेशांची मापे काढून दाखवले की चालकांच्या विजारी नोकरीच्या सुरुवातीपासूनच रुंद होत्या. स्थूल माणसे आधीच चालकाच्या जागेवर जात होती. (आपल्या बसला जिना नाही, त्यामुळे कंडक्टरांनी निष्कर्ष काढू नयेत.)

त्याहून मासलेवाईक स्वीडनचा अभ्यास, २०२५ चा. सैन्यभरतीच्या वेळी तपासलेले सुमारे ११ लाख तरुण. ज्यांचा दमसास चांगला, ते पुढे हृदयविकाराने आणि कर्करोगाने कमी मेले, ठीक. पण रस्त्यावरच्या अपघाताने, बुडून, खुनानेही कमी मेले! दमसास खुन्यापासून कसा वाचवणार? मोठ्या आकड्याबरोबर घरची स्थिती, शिक्षण, स्वभाव हे सगळे येते, आणि गणिती दुरुस्त्या करूनही ते पुरते धुऊन निघत नाही.

उंदीर पाहा. निवडक पैदाशीने एक वंश दमदार पळणारा केला, दुसरा मंद. कसलाही सराव न देता मंद वंशाचे आयुष्य २८ ते ४५ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे दमसास आणि आयुष्य दोन्ही एकाच रक्तातून येऊ शकतात.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले तर काय होते? नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला ७० ते ७७ वयाचे १,५६७ लोक घेऊन पाच वर्षे पाहिले. व्यायाम करवून घेतलेले दोन्ही गट मिळून ४.५ टक्के मृत्यू, नुसता सरकारी सल्ला दिलेल्या गटात ४.७. मोठ्या गाजावाजाला हा फरक पुरतो का?

नाडीपरीक्षा

अंत्रुजकर, शेवटच्या अभ्यासाचे अर्धेच सांगितलेत. त्याच चाचणीत जोरदार आंतरायिक (थोडा वेळ जोर, थोडा वेळ हळू) व्यायामाच्या गटात ३.० टक्के मृत्यू होते आणि मध्यम वेगाच्या गटात ५.९. हा फरकसुद्धा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणून मी तो पुरावा म्हणून मिरवणार नाही. पण तुम्हीही ‘परिणाम नाही’ असे म्हणू शकत नाही. सल्ला दिलेला गट घरी बसून नव्हता. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःहून जोरदार व्यायाम केला. स्वेच्छेने आलेली, मुळात धडधाकट माणसे. इतके कमी मृत्यू असताना फरक दिसायला याहून कितीतरी मोठी चाचणी लागते.

तुमच्या ‘रक्तातूनच येते’ला उत्तर १९९५ चे आहे. टेक्सासमध्ये ९,७७७ पुरुषांची चाचणी दोनदा घेतली, मध्ये सरासरी पाचेक वर्षे. पहिल्या खेपेला कच्चे आणि दुसऱ्या खेपेला पक्के निघालेल्यांचा मृत्यूचा धोका, कच्चेच राहिलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी होता. रक्त तेच, आकडा बदलला. सुधारणारी माणसे मुळातच काळजी घेणारी असतील, हा तुमचा पुढचा मुद्दा मला ऐकू येतोय. तो रास्त आहे. पण आता ‘सगळे जन्मजात’ म्हणता येणार नाही.

आणि गोव्यात बसून आपण फक्त मृत्यूच का मोजतोय? २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात होते, २६.४ टक्के. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढतात, आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी एकदम तीन तास घाम गाळण्यापेक्षा ‘सलग दोन दिवस खाडा नको’ हा नियम बरा.

कांपालकरांनी मात्र धाप लागेपर्यंत पळा असे सरसकट सांगून घाई केली. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने सुरुवातीला साखर तपासून निघावे. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदक पोटात हवे, म्हणजे एखादे केळे. पायाची संवेदना कमी झालेल्याने वाळूवर अनवाणी चालायचे नाही. शिंपल्याने कापलेले संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळते. आणि चालताना छातीत दाब येत असेल, थांबल्यावर जात असेल, तर आधी डॉक्टर, मग शर्यत.

शिट्टीवाला

तुम्ही मोजा मोजा म्हणता, कसे ते कोणीच सांगितले नाही.

पन्नाशीपुढच्या, सवय नसलेल्या माणसाला बारा मिनिटांची कूपर धाव (त्या वेळात जितके लांब पळता येईल तितके पळणे) देऊ नये. त्याला एक मैलाची रॉकपोर्ट चालचाचणी द्या. बांबोळीच्या स्टेडियमसारखा ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर आतल्या लेनमधून चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. धावायचे नाही, पण चालता येईल तितके जोरात. संपताक्षणी नाडी. मग हिशेब: १३२.८५३ मधून वजन किलोत गुणिले ०.१६९२, वय गुणिले ०.३८७७, मिनिटे गुणिले ३.२६४९ आणि नाडी गुणिले ०.१५६५ हे चारही वजा करायचे. पुरुष असेल तर ६.३१५ मिळवायचे. पन्नास वर्षांचा, ७५ किलोचा पुरुष १५ मिनिटांत आला आणि नाडी १३० असेल तर उत्तर ३७.८.

चुका ठरलेल्या. नाडी बोटाने पूर्ण मिनिटभर मोजतात, तोवर ती उतरते आणि आकडा फुगतो. पंधरा सेकंद मोजून चौपट करा. मिरामारच्या कोरड्या वाळूवर चाचणी घेतात. तिथे चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. पाण्याकडची ओली वाळू कडक असते पण उतरती, एक पाय सतत खाली, मग कंबर धरते. आणि ऑक्टोबरात दहा वाजता घेतलेली चाचणी फेकून द्या. दमट हवेत घाम सुकत नाही, रक्त कातडीकडे वळते, त्याच वेगाला नाडी दहा ठोक्यांनी वर. प्रत्येक दहा ठोक्यांना आकडा दीडने पडतो. प्रेशरसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर उलटे: नाडी दबते, माणूस आहे त्याहून दमदार दिसतो.

मनगटी घड्याळाच्या आकड्यावर भांडू नका. पट्टा सैल असला की ते नाडीऐवजी पावलांची लय पकडते. छातीचा पट्टा बरा.

अंत्रुजकर

शिट्टीवाला, माझेच काम केलेत. या चाचणीची स्वतःची चूकच प्रयोगशाळेच्या मापाशी ताडली असता मिनिटाला सुमारे ०.३२५ लिटर आहे. ७५ किलोच्या माणसाला ती ४.३ पडते. कांपालकरांचा अख्खा मेट ३.५ चा! ज्या फरकावर १३ टक्क्यांची गोष्ट उभी, तो चाचणीच्या चुकीत मावतो. गेल्या वर्षी ३६, यंदा ३८ म्हणून पेढे वाटणारा हवामानाचे पेढे वाटतोय.

शिवाय हेरिटेज अभ्यासात सर्वांना २० आठवडे सारखाच सराव दिला. सरासरी वाढ मिनिटाला ०.४ लिटर, पण काहींची जवळजवळ शून्य तर काहींची लिटरभर. ज्याची शून्य, त्याला दर वर्षी आकडा दाखवून काय साधणार? तो चालणेही सोडेल.

शिट्टीवाला

पेढे मान्य. म्हणूनच मी आकडा दोघांत ताडत नाही, एकाच माणसाचा ताडतो: तोच ट्रॅक, सकाळी सातच्या आत, तोच महिना. एकाच माणसात जी चूक दर वेळी एकाच बाजूला झुकते, ती वजाबाकीत निघून जाते. आणि आकड्याहून सोपी खूण आहे: त्याच नाडीला तेच अंतर कमी वेळात.

शून्यवाल्यांचे म्हणाल तर २०१७ चा एक प्रयोग आहे. आठवड्याला एक ते पाच, तासाभराचे सराव, सहा आठवडे. ज्यांची वाढ झाली नाही त्यांना पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला आणखी दोन सराव दिले. एकही शून्यवाला उरला नाही. मात्रा कमी पडली होती.

मात्रा म्हणजे आधी आठ आठवडे निव्वळ भरभर चाल, आठवड्याला १५० मिनिटे. मग एक दिवस चार गुणिले चार. दहा मिनिटे अंग गरम, चार मिनिटे कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर, तीन मिनिटे हळू, असे चारदा. कमाल नाडी २०८ वजा वयाच्या ०.७ पट, पन्नाशीला १७३, म्हणजे १४७ ते १६४ च्या दरम्यान. सूत्र दहा ठोक्यांनी इकडेतिकडे असते. बहुतेक जण पहिल्याच खेपेला गळून जातात, कारण नाडी वर यायला दोनेक मिनिटे घेते आणि ते तिला गाठायला पळतात. पहिली दोन मिनिटे श्वासावर चाला, घड्याळ झाका. पणजीत आल्तिन्होचा चढाव याला चांगला: वेग कमी, नाडी जास्त, गुडघ्यावर आपटणे कमी.

म्हापशेकार

फुटपाथ नाही, कुत्रे आहेत, जून ते सप्टेंबर पाऊस. चार गुणिले चार कुठे करायचे ते सांगा, नायतर आपला बाजार बरा.

कांपालकर

अंत्रुजकर, ‘१३ टक्के’ मी वचन दिल्यासारखे लिहिले, ते मागे घेतो. वर्षाला एक आकडा हाही आग्रह सोडतो. शिट्टीवाल्यांची ‘तीच नाडी, तेच अंतर’ खूण जास्त टिकाऊ आहे. पण पन्नाशीतली शिल्लक तुमच्या एकाही मुद्द्याने कापली गेली नाही. आयुष्य एका दिवसानेही न वाढो, ऐंशीला जिना चढता आला तरी मला व्यवहार फायद्याचाच वाटतो.

अंत्रुजकर

जिन्याला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध ‘पाचव्या हिश्शा’ला.

शिट्टीवाला

म्हापशेकार बाब, पावसात इमारतीचा जिना. चार मजले वर, न थांबता, हात कठड्याला न लावता, खाली सावकाश, पुन्हा. चार मिनिटे सलग चढायला मजले पुरणार नाहीत, म्हणून एक-एक मिनिटाचे आठ चढ घ्या, खाली येणे हीच विश्रांती. लिफ्टने खाली आलात तर उत्तमच, कारण गुडघे उतरतानाच दुखतात. बाहेरच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या मात्र जुलैत नको. शेवाळ धरलेले असते, आणि उतरताना पाय सटकला की चार गुणिले चार प्लास्टरमध्ये.