शब्दचर्चा : ‘लो एंड’ला खर्ज म्हणावं की तळ?

‘ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’च्या ‘द लो एंड थिअरी’वर मराठीत लिहायला बसले आणि शीर्षकापाशीच अडले. न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सच्या या हिपहॉप गटाचा हा दुसरा अल्बम, २४ सप्टेंबर १९९१ला आलेला. ‘लो एंड’ म्हणजे आपण रोज ज्याला ‘बेस’ म्हणतो तो खालचा आवाज. पण त्याच दोन शब्दांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषाच्या वाट्याला आलेली खालची जागाही आहे. दोन्ही अर्थ मावतील असा मराठी शब्द आहे का?

—

खर्ज. तानपुऱ्याची जाड तार छेडा आणि मग हा अल्बम लावा.

—

खर्ज मलाही पहिल्यांदा सुचला. मूळ शब्द षड्ज, ‘ष’चा ‘ख’ होऊन खरज, खर्ज. म्हणजे खरं तर एकच स्वर. पण ‘खर्जातला आवाज’ म्हणताना आपण सा मोजत बसत नाही, तेव्हा अर्थ केव्हाच पसरला आहे. माझी अडचण वेगळी आहे. खर्जाला आपल्याकडे मान आहे. पहाटे उठून खर्ज भरणाऱ्या गायकाबद्दल आपण आदरानं बोलतो. कुणाला खाली ठेवल्याची बोच त्या शब्दात नाही, आणि ती गेली तर शीर्षकाचा अर्धा जीव गेला.

—

शीर्षकाचं नंतर बघू, वर्णनाला ‘ढाला’, म्हणजे खोल आणि भरदार, हा शब्द विसरू नका. याच अल्बममधल्या ‘व्हर्सेस फ्रॉम द अॅबस्ट्रॅक्ट’ या गाण्यात जॅझ बेसवादक रॉन कार्टर यांनी स्वतः डबल बेस वाजवला आहे. साठच्या दशकात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या गटात, होते तेच. त्या आवाजाला मंद्र म्हटलं तर फक्त सप्तक कळतं. ढाला म्हटलं की रुंदी आणि घुमारा दोन्ही कानात येतात. बोलीत हा शब्द मागे पडत चालला आहे, निदान अशा लेखनात तरी टिकावा.

आणि अल्बममधलं पहिलं गाणं ‘एक्सकर्जन्स’, त्याची सुरुवात पुन्हा ऐका. आधी नुसता बेस, जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या ‘अ चँट फॉर बू’मधून उचललेला. गटातला रॅपर क्यू-टिप बोलू लागतो तरी ड्रम येत नाहीत. त्या उघड्या बेसवर तो सांगतो की वडिलांना हिपहॉप ऐकून बीबॉप, म्हणजे त्यांच्या काळातलं जॅझ, आठवतं. मुलाचं गाणं वडिलांच्या संगीतावर उभं आहे, हे बोलायच्या आधीच ऐकवलेलं असतं.

—

‘खालची पट्टी’ कशी वाटते? ‘खालच्या पट्टीत बोल’ यात आवाजही आहे आणि दटावणीही.

—

चांगली आहे, पण पट्टी माणूस बदलू शकतो. इथे जागा दुसऱ्यानं ठरवून दिलेली आहे. माझं मत ‘तळ’. तळागाळातला माणूस त्यात आहे, आणि ज्याच्यावर सगळं टेकलंय तोही तळच. ‘आवाजाचा तळ’ म्हटलं तर कुणालाही समजेल.

—

वर ‘उभं आहे’ वाचलं तेव्हा मलाही तळच दिसला. ठरलं. शीर्षक मूळचंच ठेवते, पहिल्या परिच्छेदात ‘तळ’ उलगडून सांगते. कार्टर यांच्या वादनाला ‘ढाला’. ‘थिअरी’ मात्र राहिली. ‘तळाचा सिद्धांत’ पाठ्यपुस्तकासारखं वाटतं.

—

‘तळाची मीमांसा’?