ट्रामचे जुने रूळ: उपसायचे की ठेवायचे? (कोल्हापूरच्या तीन भागांतले तिघं बोलताहेत; नावाऐवजी भाग दिलाय.)

मंगळवार पेठ: मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली. बऱ्याच ठिकाणी रूळ न उपसता वरून डांबर टाकलं गेलं. आता खोदकामात ते वर आले की ‘वारसा आहे, ठेवा’ म्हणतात. कोल्हापुरात ट्राम नव्हती, पण रस्त्याची कामं करणारे इथं पुष्कळ आहेत, म्हणून विचारतो. माझं मत, वाहत्या रस्त्यातून रूळ काढाच. रुळातली खोबण तीन-चार सेंमी रुंद असते, सायकलचं चाक तिरकं गेलं की अडकतं. मोटरसायकल ओल्या पोलादावरून घसरते.

राजारामपुरी: दादा, काढाच म्हणणं सोपं आहे. रूळ काँक्रीटमध्ये गाडलेला, दोन रूळ लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले. वजन मीटरला पन्नासेक किलो धरा; गॅस कटरनं तीन मीटरचे तुकडे केले तरी एकेक दीडशे किलोचा. काँक्रीट फोडायच्या ब्रेकर यंत्राच्या हादऱ्यानं शेजारच्या बिडाच्या पाइपचे सांधे गळायला लागतात. खरा घात पुढं. रूळ काढल्यावर उरलेली चर १५ सेंमीच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर ठोकून भरायची असते. घाईत एकदम भरली की पहिल्याच पावसाळ्यात रस्ता रुळाच्या रेषेत खचतो.

मंगळवार पेठ: मग ठेवला तरी काय होतं? उन्हात रूळ फुगतो आणि वरचं डांबर उचकटतो.

राजारामपुरी: ही समजूत चुकीची. मोकळा १० मीटर रूळ ३० अंशांनी तापला तरी साडेतीन मिमीच वाढतो, काँक्रीटही जवळपास तेवढंच. गुळगुळीत लोखंडाला डांबर धरत नाही, हे खरं कारण. त्यात रुळावर थर पातळ पडतो आणि कडेनं पाणी मुरतं. ४० मिमीचा थर अशा जागी तग धरत नाही.

कसबा बावडा: दोघं वाहतुकीच्या रस्त्याचंच बोलताय. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ रूळ निघाले ती पायी चालणाऱ्यांची जागा. तिथं जोडीतलं मूळ अंतर मोजून, वायर ब्रशनं गंज काढून, खोबणीतली माती उपसून, दोन्ही बाजूंनी काळ्या दगडाची फरसबंदी करून रूळ ठेवलेच पाहिजेत. फक्त खोबणीतलं पाणी गटारात जायला उतार द्या, नाहीतर पावसाळाभर चिखल साचेल.

मंगळवार पेठ: पायी जागेत कबूल. चौकात, जिथं गाड्या वळतात, तिथं मात्र एक मीटरही नको. वळताना चाक रुळाला तिरकं लागतं, आणि पडणारा तिथंच पडतो.