डकोटाचं जुनं किट: तेल प्यालेले नॅसेल वाचवायचे का, आणि ग्लोच ठेवायचं की मोटरी बसवायच्या?

अर्धवट_किट:

नमस्कार मंडळी,

रेडिओवर उडणाऱ्या डकोटा (डीसी-३) विमानाचं बाल्साचं किट हाती आलं आहे. पंखाची लांबी १८१० मिमी, म्हणजे १:१६. पंखाचा मधला भाग आणि दोन्ही नॅसेल (पंखावरचे इंजिनांचे डबे) बांधून झालेले आहेत. .२५ घनइंचाची दोन ग्लो इंजिनं (तेल मिसळलेल्या मिथेनॉलवर चालणारी) त्यावर चाललेली आहेत. बाहेरच्या दोन्ही पंखांच्या फासळ्या आणि स्पार जोडलेत, पण वरची शीट (पातळ बाल्साचं आवरण) अजून लावलेली नाही. धडावरची फिल्म सुरकुतली आहे. चाकं न मिटणारी.

अडचणी अशा:

१. फायरवॉल (इंजिन ज्यावर बसतं ती प्लायची पाटी) आणि नॅसेलचा पुढचा भाग तेलाने काळा पडलाय. बोट फिरवलं तर चिकट लागतं. हे लाकूड वाचेल का?
२. ग्लो ठेवू की इलेक्ट्रिक करू? केलं तर बॅटरी एक की दोन, आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कुठे?
३. नकाशात दोन्ही इंजिनं २ अंश बाहेरच्या बाजूला वळवलेली दाखवली आहेत. मोटर लावली तरी हे ठेवायचं का?

---

पटाशीवाला:

मोटर-बॅटरीचं नंतर बघू. आधी लाकूड, कारण तेल प्यालेल्या बाल्साला कुठलंच ग्लू धरत नाही. वरून चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्या जोरदार लँडिंगला फायरवॉल इंजिनासकट हातात येते.

फायरवॉल वाचवत बसू नका. प्लायच्या थराथरांत तेल गेलेलं असतं. पटाशीने कापून काढा आणि ६ मिमी बर्च प्लायची नवी करा. काढण्याआधी मात्र दोन मापं लिहून ठेवा: फायरवॉलपासून प्रॉप टेकतो त्या वॉशरपर्यंतचं अंतर, आणि फायरवॉलचा खाली-बाहेर असलेला कोन. एकदा जुनी निघाली की ही मापं पुन्हा मिळत नाहीत. पुढे मोटर लावलीत तरी प्रॉप त्याच जागी यायला हवा, नाहीतर काउलिंग बसत नाही.

मागच्या बाल्साचं तेल निघतं, पण वेळ लागतो. कॉर्नफ्लोअर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून इडलीच्या पिठाइतपत दाट करा, २-३ मिमी जाडीचा थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. वाळलेली भुकटी ब्रशने झाडली की पिवळट दिसेल. ते आत होतं ते तेल. भुकटी पांढरी निघेपर्यंत परत परत करा, चार-पाच फेऱ्या सहज लागतात. अ‍ॅसिटोन जास्त जोरात काम करतो, पण तो सायनोचे (झटपट सुपरग्लूचे) जोड विरघळवतो, म्हणून जोडांजवळ अल्कोहोलच. दोन्ही पेट घेतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि हीटगन लांब.

झालं की नाही हे पाहायला लाकडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे, पसरून आत मुरला तर ग्लू धरेल. इतक्या फेऱ्यांनंतरही थेंब उभाच राहत असेल तर तेवढा तुकडा कापून नवा बाल्सा घाला. तेच कमी कष्टाचं.

नवी फायरवॉल ३० मिनिटांच्या एपॉक्सीने. ५ मिनिटांचं इथे नको, ते मुरायच्या आत घट्ट होतं आणि उष्णतेत लवकर मऊ पडतं. मागून चारही बाजूंना १२ मिमीच्या तिकोनी बाल्सा पट्ट्या, आणि बाजूंनी ३ मिमीच्या बांबूच्या काड्या आरपार ठोकून त्यांनाही एपॉक्सी. पुढे ग्लोच चालवणार असाल तर सगळ्या उघड्या लाकडावर पातळ केलेल्या एपॉक्सीचा हात. स्क्रूच्या भोकांच्या आतूनसुद्धा. तेल शिरतं ते तिथूनच.

फिल्म काढताना हलकी गरम करून स्वतःवर दुमडून, रेषांच्या दिशेने ओढा. उभी खेचलीत तर बाल्साची सालं निघतात. फिल्म निघाली की प्रत्येक जोड दोन बोटांनी हलकेच वाकवून कान लावा. सायनोचा जुना जोड तुटलेला असेल तर बारीक ‘टिक’ ऐकू येतं. पातळ सायनोचा एक थेंब पुरतो.

---

तीन_तारा:

पटाशीवाल्यांशी सहमत. मी वायरिंगपुरतं लिहितो.

आधी ताकद. या मापाच्या डकोटाचं पंखाचं क्षेत्रफळ साधारण ३६ चौरस डेसिमीटर भरतं. तयार वजन ३.२ किलोच्या आत ठेवा, म्हणजे चौरस डेसिमीटरला ८९ ग्रॅमच्या आसपास. याच्या वर गेलात तर लँडिंगचा वेग चढतो आणि हे विमान हळू उडतानाच शोभतं. किलोला २०० वॉट धरले तर एकूण ६४०, म्हणजे प्रत्येक मोटरला ३२०. ४ सेलच्या लायपो बॅटरीवर ते २३ अँपिअर होतात. ३५३६ आकाराची, ८५० ते ९५० केव्हीची (व्होल्टमागे फेरे) मोटर, १०x६ प्रॉप, ४० अँपिअरचा ईएससी. दिसायला चांगलं हवं असेल तर तीन पात्यांचा ९ इंची लावा. खऱ्या डकोटाचा प्रॉप साडेतीन मीटरच्या आसपास आणि तीन पात्यांचा आहे, १:१६ ला तो पावणेनऊ इंचांच्या जवळ येतो. काहीही लावा, वॉटमीटरवर मोजल्याशिवाय उडवू नका.

बॅटरी एकच, दोन्ही मोटरींना मिळून. ४ सेल ४००० एमएएच. प्रत्येक मोटरला वेगळी बॅटरी दिली की एक आधी खाली बसणार, तो ईएससी आधी कट होणार, आणि तुम्ही शेवटच्या वळणावर एका मोटरवर. एका बॅटरीत दोघी बरोबर मंदावतात. जागेसाठी दोन लहान पॅक समांतर जोडायचेच असतील तर सारखे, सारख्या वयाचे आणि जोडतेवेळी सारख्या व्होल्टेजचे. एक भरलेला आणि एक अर्धा जोडलात तर एक दुसऱ्यात धाड्दिशी ओतला जातो.

बीईसी (मुख्य बॅटरीतून रिसीव्हर-सर्व्होंना कमी व्होल्टेजची वीज देणारा भाग, ईएससीतही असतो): दोन्ही ईएससीच्या सर्व्हो-प्लगमधली लाल पिन टाचणीने अलगद उचकटून बाहेर काढा, उलट वळवा आणि हीटश्रिंक चढवा. रिसीव्हर आणि सर्व्होंना वेगळा ५ अँपिअरचा बीईसी. दोन स्विचिंग बीईसी समांतर ठेवले की एकमेकांशी भांडतात.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक तपासतात. दोन्ही ईएससींची काळी सिग्नल वायर रिसीव्हरपाशी एकत्र येते. समजा एका ईएससीच्या मुख्य काळ्या वायरचं सोल्डर कच्चं राहिलं. मोटर तरीही फिरते, कारण करंट त्या केसासारख्या सिग्नल वायरमधून परतीची वाट शोधतो. जमिनीवर अर्ध्या थ्रॉटलला सगळं छान, हवेत पूर्ण थ्रॉटलला वायर वितळते आणि रिसीव्हरसुद्धा जाऊ शकतो. म्हणून मुख्य वायरी ओढून बघा, आणि प्रॉप काढून एक-एक ईएससी स्वतंत्र बॅटरीला जोडून चालवा.

फेलसेफमध्ये (रेडिओ सिग्नल तुटला तर) दोन्ही थ्रॉटल शून्य. कॅलिब्रेशन दोन्हींचं, नाहीतर एक मोटर दोन क्लिक आधी सुरू होते आणि टॅक्सी करताना नाक फिरत राहतं.

---

अर्धवट_किट:

दोघांचेही आभार. थेंबाची परीक्षा आत्ताच केली, थेंब उभा राहिला. 😀 फायरवॉल नवीच करतो.

बॅटरी नाकात ठेवली तर तिथून पंखावरून नॅसेलपर्यंत वायरीचा मार्ग ४५ सेंमीचा होतो. ईएससी नॅसेलमध्ये ठेवून बॅटरीच्या वायरी लांबवू की उलट? आणि मोटरी उलटसुलट फिरवल्या तर २ अंशांची गरज उरते का?

---

तीन_तारा:

उलट. ईएससी धडात बॅटरीजवळ आणि मोटरच्या तीन वायरी लांब, १४ गेजच्या. बॅटरी आणि ईएससीमधली वायर लांबली की ईएससीच्या प्रत्येक स्विचिंगला व्होल्टेजचे झटके वाढतात आणि आतले कपॅसिटर तापून फुगतात. कंपनीने दिलेली लांबी वाढवायचीच झाली तर दर १० सेंमीला साधारण २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर ईएससीच्या अगदी तोंडाशी, धन-ऋण बघून. धडातल्या ईएससीला हवा लागते. नाकाखाली आत येणारं भोक आणि मागे बाहेर जाणारं त्याच्या दुप्पट.

फिरण्याची दिशा बदलायला तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल. कोनाबद्दल पुढच्यांना बोलू दे.

---

दीड_फेरा_नीडल:

मी ग्लोवाला, तरी या विमानाला मोटरच सुचवेन. दोन ग्लो इंजिनांचा खरा त्रास ताकदीचा नसतो, एक बंद पडण्याचा असतो.

ज्यांना ग्लोच ठेवायचंय त्यांच्यासाठी: दोन्ही इंजिनं, प्लग, प्रॉप, टाक्या तंतोतंत सारख्या. टाकीची मध्यरेषा नीडलच्या (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) पातळीत किंवा ३ ते ६ मिमी खाली. प्रत्येक इंजिन वेगळं ट्यून करा: कमाल आरपीएमवरून २०० ते ३०० ने खाली येईपर्यंत मिश्रण घट्ट करा, म्हणजे नीडल उघडून इंधन वाढवा. मग नाक सरळ वर धरून दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल. आवाज चिरका झाला तर आणखी घट्ट. दोघांचे आरपीएम जुळवायच्या नादात एकाला पातळ करू नका, दोनेकशेचा फरक रडरच्या ट्रिममध्ये जातो. पातळ झालेलं इंजिन मात्र हवेत तापून बंद पडतं. आयडल जमिनीवर दोन मिनिटं टिकलं नाही तर त्या दिवशी उडवायचं नाही.

आता कोन. दोन्ही इंजिनं २ अंश बाहेर वळवली की प्रत्येकाची ओढीची रेषा मागे गुरुत्वमध्याच्या थोडी जवळून जाते. एक बंद पडलं तर उरलेलं विमानाला कमी फिरवतं. प्रॉप उलटसुलट केल्याने हे होत नाही. त्याने टॉर्क कटतो आणि टेकऑफला शेपूट सरळ राहतं, तो वेगळा फायदा. तेव्हा मोटर असली तरी कोन ठेवा, खर्च काहीच नाही. मोटरसुद्धा थांबते: वायर सुटते, ईएससीचा मोटरशी ताळमेळ (सिंक) जातो.

दोन्ही एकाच दिशेने फिरत असतील (मागून बघता घड्याळाच्या दिशेने), तर डावी बंद पडणं जास्त वाईट. नाक वर असताना खाली येणारं पातं जास्त ओढतं, आणि उजव्या मोटरचं ते पातं धडापासून लांब असतं. उलटसुलट करणार असाल तर प्रॉपची वरची टोकं धडाकडे येतील अशी दिशा ठेवा, म्हणजे दोन्हीकडे खाली येणारं पातं धडाजवळ राहतं.

बंद पडलीच तर पहिली हालचाल थ्रॉटल कमी करण्याची. बोट आपोआप पुढे जातं, तिथेच विमान जातं. थ्रॉटल अर्ध्याखाली, नाक खाली, चालू बाजूकडे रडर, मग झेपेल तेवढी ताकद परत. एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीने) पंख उचलायला जाऊ नका. रडर-थ्रॉटल मिक्स फक्त जमिनीवर, १० ते १५ टक्के, स्विचवर.

---

वॉशआउट_बघा:

पंखाला शीट लागलेली नाही हे वाचून बरं वाटलं. डकोटाचा पंख टोकाला निमुळता आहे आणि हळू उडताना टोक आधी पडतं. त्यावर इलाज, म्हणजे टोकाला मागची कड वर ठेवणारा पीळ (वॉशआउट), आत्ताच होऊ शकतो, शीट लागली की नाही.

सपाट पाटावर स्पार टाचून मागच्या कडेखाली पाचर घाला: आतल्या फासळीपाशी शून्य, टोकाच्या फासळीपाशी पूर्ण जाडी. टोकाची फासळी १३० मिमी असेल तर २ अंशांना ४.५ मिमी. दोन्ही पंखांना पाचर एकाच पट्टीतून कापा. मग दोन स्पारांमध्ये १.५ मिमी बाल्साचे वेब (उभे तुकडे), रेषा उभ्या, आणि त्याच अवस्थेत वरची शीट. खालची-वरची शीट आणि वेब मिळून बंद नळी होते, तोच पीळ कायमचा राहतो. पाटावरून उचलून दोन्ही पंख टोकाकडून एका डोळ्याने बघा. अर्ध्या अंशाचा फरक दिसतो, आणि तो नंतर शीट ओली करून पिळून काढण्यापेक्षा आधी नसलेला बरा.

एलेरॉन वर जितका, खाली त्याच्या निम्मा. गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून-मागे रुंदीच्या) २५ टक्क्यांवरून सुरू करा. इंजिन-मफलरपेक्षा मोटरी हलक्या, त्यामुळे बॅटरी पार नाकात जाईल. बॅटरी सरकवायला जागा ठेवून मगच तिची पेटी चिकटवा.

---

अर्धवट_किट:

पाचर कापायला घेतली. एक राहिलं: उलट फिरणाऱ्या मोटरचा प्रॉप-नट ढिला होतो म्हणतात, खरं का?

---

तीन_तारा:

खरं. नेहमीच्या दिशेला प्रॉपचा विरोध नट आवळतो, उलट फिरणाऱ्याचा सोडवतो. त्या बाजूला चिमटीत धरणारा कोलेट नको. मोटरच्या तोंडावर चार स्क्रूंनी बसणारा अ‍ॅडॅप्टर आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नट घ्या. ईएससीचा ब्रेक दोन्हीकडे बंद ठेवा, कारण ब्रेक लागला की सरळ बाजूचाही नट सुटायला बघतो. आणि उलट पिचचा प्रॉप असला तरी त्यावरची छापील अक्षरं पुढेच.