उत्तर: लॅपटॉप चालू होत नाही, चार्जिंगही नाही

वरच्या एका उत्तरात बॅटरी बदलायचा सल्ला आलाय, पण एवढी घाई नको. बॅटरी पार मेली तरी लॅपटॉप बहुतेक वेळा नुसत्या चार्जरवर चालतो. तुमच्या लॅपटॉपचा तर चार्जिंगचा लाइटच लागत नाही म्हणताय. आधी चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून बघा. फुकटचा उपाय आहे.

नाही उठला तर अडॅप्टरवरच्या दिव्याकडे बघा. प्लग लावल्यावर पेटतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो? मग बहुधा जॅकमध्ये (पिन जाते त्या भोकात) किंवा बोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटवर) शॉर्ट आहे, नवी बॅटरी घालून काही व्हायचं नाही. दिवा पेटतच नसेल तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. गोल पिनेला साधारण १९ व्होल्ट यायला हवेत. टाइप-सी चार्जरला ही युक्ती चालत नाही, लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो २० व्होल्ट सोडतच नाही.

दुरुस्तीला सोलापुरात नवी पेठेत नेलात तर बोर्ड बदलायला लगेच हो म्हणू नका, चिप लेव्हलचं काम (बोर्डवरचा बिघडलेला भाग तेवढाच बदलणं) होतं का ते विचारा. आणि हो, टचपॅड वर उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय. इथला उन्हाळा तिला मानवत नाही. तसं असेल तर चार्जर लावूच नका.