तुटलेली नस वाढते, पण तिच्या चालीने

‘एकदा तुटलेली नस पुन्हा कामाला येत नाही’ हे विधान मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यापुरते बऱ्याच अंशी खरे असले, तरी हातापायांतील चेतातंतूंना, म्हणजे संदेश वाहणाऱ्या नसांना, ते लागू पडत नाही. तंतू तुटला की तुटलेल्या जागेपलीकडचा भाग नष्ट होतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकांवरील प्रयोगांतून दाखवले. मात्र त्या भागाला वेढणाऱ्या आधारपेशी (श्वान, Schwann, या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) टिकून राहतात, मोडतोड साफ करतात आणि रांग धरून नव्या अंकुराला वाट आखून देतात. त्या वाटेने तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो.

डिचोलीच्या घरी नारळ सोलताना माझ्या धाकट्या भावाच्या मनगटावर कोयता बसला. नस शिवली गेली, पण तर्जनीच्या टोकापर्यंतचे १८ सेंटीमीटर म्हणजे निदान सहा महिने, हे कोणी समजावून न सांगितल्याने घरची मंडळी महिन्याभरातच खचली. गरम पेजेच्या वाटीने बोट पोळले, तरी त्याला कळले नव्हते. पुढे जखमेच्या खाली टिचकी मारताच बोटांत मुंग्या येऊ लागल्या, आणि ती टिचकीची जागा महिन्यागणिक तळव्याकडे सरकत गेली, म्हणजे अंकुर पुढे येत होता. माझ्या मते, घरच्यांना धीर देणारी याहून चांगली खूण नाही.

स्नायू मात्र फार काळ वाट पाहत नाहीत. तंतू साधारण दीड वर्षात पोहोचला नाही, तर ते कायमचे क्षीण होतात. म्हणूनच हाताच्या स्नायूंपासून दूर असलेल्या खांद्याजवळच्या इजेत ‘थांबून पाहू’ म्हणत महिने घालवू नयेत.