गमबूट पाणी आत येऊ देत नाहीत, पण टाच सोलून काढतात. बाईच्या पायाला बसणारे कसे निवडायचे?

परसातली (प्रश्न)

नमस्कार. पावसाळ्यात माझं रोजचं काम असं: उजाडायच्या आत कोंबड्यांचं खुराडं उघडायचं, शेळ्यांखालचं झाडून उकिरड्यावर टाकायचं, मग भाजीच्या वाफ्यांत तुंबलेलं पाणी फावड्यानं चर मारून काढून द्यायचं. सकाळी दोन-अडीच तास, संध्याकाळी पुन्हा तासभर. एवढा वेळ बूट पायात असतात आणि तिसरा जोड मी काल बाजूला ठेवला. चौथा घेण्याआधी विचारावं म्हटलं.

पहिला जोड पुरुषांच्या मापातला होता, त्यातला लहान नंबर. लांबीला बरोबर, पण टाच आत ढिली. चालताना प्रत्येक पावलाला टाच वर उचलायची. ओल्या वाफ्यात एकदा बूट चिखलात रुतून राहिला, पाय तेवढा मोज्यासकट बाहेर आला. डाव्या टाचेवर फोड आला, फुटला, त्यावर पुन्हा फोड. चिकटपट्टी लावली की तासाभरात ती गुंडाळी होऊन मोज्यात अडकलेली सापडायची.

दुसरा खास बायकांसाठीचा, उंच, रंगीत. तो टाचेला छान बसला, पण पोटरीवर अर्ध्यातच अडकला. पँट आत खोचणं तर दूरच. दाबून घातला की पोटरीभोवती लाल वळ उठायचा, आणि काढायला दुसऱ्या माणसानं ओढावं लागायचं.

तिसरा एकदम हलका, फेसासारख्या मटेरियलचा. त्यानं पहिला महिना फार सुख दिलं. मग तळाच्या खाचा झिजून सपाट झाल्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या शेवाळलेल्या दगडावरून मी घसरले. मनगटावर आपटले, हाड वाचलं. आता त्या दगडाजवळ गेले की अजून पाय कापतात.

माझी मापं: डावं पाऊल २४.२ सें.मी., उजवं २३.८. पोटरी सगळ्यांत जाड जागी ४१ सें.मी. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड थोडं बाहेर आलंय, तिथं काही घासलं की कळ जाते. शिवाय बोटांच्या बेचक्यांत दरवर्षी चिखल्या होतात.

मटेरियल कोणतं, उंची किती, आणि नंबर मोठा घेऊन आत जाड गादी घालावी का? ज्या रोज हे काम करतात त्यांनी सांगितलं तर फार उपकार होतील.

गोठ्यावरची

ताई, तुमचे तिन्ही जोड माझेही होऊन गेलेत, जवळजवळ याच क्रमानं. बारा वर्षं गोठा आणि भाजीपाला करते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्या जोडाचं दुखणं कलबुतात आहे. कलबूत म्हणजे ज्या साच्यावर बूट घडतो तो. बायकांच्या पावलात चवड्याच्या मानानं टाच अरुंद असते. पुरुषी साच्याचा लहान नंबर घेतला की लांबी जुळते, टाच मोकळी राहते. चामड्याचा बूट नाडीनं आवळता येतो, गमबुटाला नाडी नसते. त्याची पकड फक्त घोटा आणि पावलाच्या वरच्या भागावर. ती नसेल तर कितीही मोजे घाला, टाच उचलणारच. म्हणून दुकानात मी टाच आधी बघते, रंग-बिंग सगळं नंतर. बूट घालून पायरी चढा-उतरा. टाच किंचित हलली तर चालेल, पण पूर्ण उचलून खाली आपटत असेल तर तो जोड परत ठेवा. वापरून पुढे बसेल असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. रबर चामड्यासारखं पायाचा आकार घेत नाही.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. कामावर घालता तेच मोजे घालून घ्या, आणि मोठ्या पायाचं धरा, म्हणजे तुमचा डावा. आतली लांबी पावलापेक्षा सव्वा सें.मी. जास्त हवी, म्हणजे तुम्हाला साधारण साडेपंचवीस. युरोपीय नंबरांत एका नंबराचा फरक साडेसहा-सात मिलिमीटरचा पडतो आणि गमबुटात अर्धे नंबर सहसा मिळत नाहीत, त्यामुळे नुसता नंबर विचारून घेऊ नका. आतली गादी काढता येत असेल तर ती जमिनीवर ठेवून तिच्यावर उभ्या राहा. पाऊल कुठे बाहेर डोकावतं ते लगेच दिसतं. हाड आलेल्या बाजूला तर हे करूनच घ्या.

आता पोटरी. तुम्ही सगळ्यांत जाड जागेचं माप दिलंत, पण बुटाची कड तिथं येते का? जमिनीपासून २५ सें.मी. वर खूण करा, पँट घातलेली असताना तिथला घेर मोजा, मग ३० वर आणि ३५ वर. माझा घेर २५ ला ३६ भरतो आणि ३५ ला ४२. म्हणून मी अर्ध्या पोटरीपर्यंतचेच बूट घेते. कड फुगवट्याच्या खाली राहते, वळ उठत नाही, आणि तुंबलेल्या वाफ्याला तेवढी उंची पुरते. बुटाचा वरचा घेर तुमच्या मापापेक्षा तीन-चार सें.मी. जास्त असावा. पूर्ण उंचीचेच हवे असतील तर मागे पट्टी आणि बक्कल असलेले, घेर सैल करता येणारे बघा.

आणखी एक करून बघा, जे दुकानात कुणीच करत नाही: उकिडवं बसा. आपलं अर्धं काम उकिडवं असतं. उंच बुटाची मागची कड गुडघ्याच्या लवणीत रुतते आणि पावलावर पुढे जी घडी पडते ती बोटांच्या मुळाशी चावते. कडक पीव्हीसीची घडी तर नेमकी तुमच्या त्या हाडावर येईल.

मटेरियलचं म्हणाल तर अस्सल रबर मऊ, छान वाकतं, थंडीतही ताठरत नाही. पण तेल, डिझेल, चरबी त्याला सोसत नाही, आणि उन्हात टाकलं की घडीवर भेगा पडतात. त्यावर कधी पांढरी भुकटी येते, ती पाहून माल खराब समजू नका. रबरातलेच घटक वर येतात, ओल्या फडक्यानं पुसलं की जातं. पीव्हीसी शेणामुताला आणि धुण्याच्या साबणाला जास्त टिकतं, पण जड, आणि गारठ्यात लाकूड होतं. तुमचा तिसरा जोड ईव्हीएचा असणार. त्यात हवेचे बुडबुडे असतात म्हणून हलका, आणि म्हणूनच झिजतोही लवकर. काटाही पटकन आरपार जातो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचे बूट वजनाला रबरापेक्षा कमी आणि ईव्हीएपेक्षा दणकट, दिवसभर गोठ्यात उभं राहणाऱ्यांना ते मानवतात. वरचा भाग निओप्रीनचा, म्हणजे ताणणाऱ्या फेसाळ रबराचा असलेले तुमच्या पोटरीला ताणून बसतील, मोह होईल. मी मात्र शेणाच्या कामाला पुन्हा घेणार नाही. आत उबतं, वाळायला दोन दिवस, आणि वास धरला की सुटत नाही.

तुमच्या कामाला मी अर्ध्या उंचीचे रबरी घेईन, रोज धुऊन सावलीत ठेवायच्या बोलीवर.

तळाचं राहिलंच. चिखलात खोल आणि दूर-दूर असलेल्या खाचा हव्यात, म्हणजे माती आपोआप झडते. जवळजवळच्या खाचांत ती बसून राहते आणि पाचव्या पावलाला तळ पुन्हा गुळगुळीत. फावडं पायानं दाबत असाल तर तळात पोलादी पट्टी आहे का विचारा. ती पावलाच्या खळग्याखाली असते. नसली की फावड्याची कड थेट तळव्यात जाणवते.

हेल्मेटवाला

मी कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं बघतो, म्हणून घसरण्यावर दोन शब्द. कामाच्या बुटांवर खुणा कोरलेल्या असतात. आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा म्हणजे पुढे बोटांवर कडक टोपी असलेला बूट, ती २०० जूलचा आघात सोसते. त्यात पूर्ण रबरी किंवा पीव्हीसी बुटांचे वर्ग एस४ आणि एस५. एस५ मध्ये तळातून खिळा आत जाऊ नये अशी सोय आणि खाचांचा तळ असतो. तुम्हाला टोपीची गरज दिसत नाही, वजन उगाच वाढेल. आयएसओ २०३४७ मधले ओ४, ओ५ हे बिनटोपीचे. जुन्या पत्र्याचे तुकडे, खिळे, बाभळीसारखे काटे पायाखाली येत असतील तर ओ५ बघा.

घसरण्यासाठी एसआरए, एसआरबी, एसआरसी अशा खुणा असायच्या. एसआरए ची चाचणी साबणाच्या पाण्याच्या फरशीवर, एसआरबी ची ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, एसआरसी म्हणजे दोन्ही. नव्या आवृत्तीत त्यांच्या जागी नुसतं एसआर आलंय. पण यातली एकही चाचणी शेवाळावर होत नाही, चिखलावरही नाही. त्यामुळे त्या टाकीजवळच्या दगडाचा भरवसा कुठल्याही बुटावर टाकू नका ताई. दगड ताठ ब्रशनं खरवडून काढा, किंवा तिथं खडी पसरा. बूट बदलण्याआधी हे करा, आजच.

झटपट

माझं मत थोडं वेगळं. मी घोट्याच्या जरा वर येणारे, पंधरा सें.मी. चे बूट वापरते. घर-परस-घर अशा दिवसातून दहा-बारा खेपा होतात, दर वेळी उंच बूट ओढत बसणं मला जमत नाही. हे उभ्या-उभ्या पायात सरकतात आणि पोटरीचा प्रश्नच येत नाही. खोल पाण्यात काम असेल तेव्हा मात्र उपयोग नाही, वरून पाणी शिरलं की आत तळं. शेळ्या आणि खुराड्यासाठी हे, वाफ्यांसाठी उंच, असे दोन जोड परवडत असतील तर दोघांचंही आयुष्य वाढतं.

दवाखान्यातली

मी परिचारिका आहे. चिखल्यांविषयी कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

ज्यातून पाणी आत येत नाही त्यातून घामही बाहेर जात नाही. बाहेरून थेंबही न शिरता मोजे ओले निघतात ते यामुळे. बूट गळतो असं वाटलं तर आधी खात्री करा: रिकामा बूट पाण्याच्या बादलीत उभा करून अर्धा तास ठेवा, आत कोरडा राहिला तर ओल तुमच्या घामाची आहे.

सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. लोकरीचा किंवा लोकर-नायलॉन मिश्र, बुटाच्या कडेपेक्षा उंच मोजा घाला. सकाळचा संध्याकाळी घालू नका. बूट काढल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचकं फडक्यानं वेगवेगळं टिपा. नुसतं वरून पुसून भागत नाही. चिखल्या पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या नाहीत, भेगा पडल्या किंवा पाय सुजला, तर दाखवून घ्या. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असू शकतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे (त्यातून होणाऱ्या तापाच्या आजाराचे) जंतू अशा फुटलेल्या त्वचेतून सहज शिरतात. टाचेवरचा फुटलेला फोड बरा होईपर्यंत झाकून ठेवा, आणि तोवर तो ढिला जोड पायात घालूच नका. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर रोज तळवे आरशात बघा. बूट कुठे चावतोय हे अशा पायाला कळत नाही.

गादी रोज बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, सांधे उकलतात. आणि सकाळी घालण्याआधी बूट उलटा करून आपटा. विंचू माझ्या आईच्या बुटातून निघालाय, मी डोळ्यांनी पाहिलाय.

ठिगळ

छोटं छिद्र पडलं म्हणून जोड टाकू नका. अस्सल रबराला सायकलच्या ट्यूबचं पॅच चालतं: घासा, सोल्यूशन लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्या, मग दाबा. पीव्हीसीला ते धरत नाही, त्याला पीव्हीसीचाच गोंद लागतो. घडीवरची भेग मात्र कशानंच टिकत नाही, दोन दिवसांत उघडते.

परसातली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

दगड त्याच दिवशी खरवडला. खाली इतकं जाड शेवाळ होतं की खुरप्यानं पापुद्रे निघाले. आता तिथं खडी आहे.

मापं पुन्हा घेतली: २५ सें.मी. वर पँटसकट घेर ३७. म्हणजे मी इतके दिवस पोटरीला दोष देत होते तो उगाच. अर्ध्या उंचीचे रबरी घेतले, वरचा घेर ४१. दुकानात उकिडवी बसले. बघत होते लोक, पण बसले, आणि दोन जोड तिथंच बाद झाले. बादलीची चाचणी जुन्या दुसऱ्या जोडावर केली: कोरडा. एवढा पाऊसभर तो गळतो म्हणून त्याला नावं ठेवली होती.

लोकरीच्या मोज्यांनी बेचकी कोरडी राहतायत. डाव्या टाचेवर नवी कातडी आलीय, गुलाबी, परवापासून पट्टी नाही. एकच राहिलंय: उजव्या अंगठ्याचं हाड तासाभरानंतर ठणकतं. नंबर वाढवला तर टाच ढिली होईल ना?

गोठ्यावरची

होईल, वाढवू नका. गादी बाहेर काढा आणि बोटांखालचा पुढचा भाग कात्रीनं कापून टाका, चवडा सुरू होतो तिथपर्यंत. टाच आणि खळग्याखालची राहू द्या. पुढे तेवढ्या जाडीची जागा मोकळी होते आणि टाच होती तशीच घट्ट राहते. आधी फक्त उजव्याची कापा, आठ दिवस घालून बघा, आणि कापलेला तुकडा टाकू नका. पातळ मोज्यांच्या दिवसांत परत लागेल.